फक्त आवाजाची बंदूक

आमच्या घरात नवी बंदूक आली ती अहिंसेपायी. हसू नका, खरं तेच सांगतोय. सगळं गाव तेव्हा हसून झालेलं आहे.

तासगावच्या बाजूला आमची द्राक्षबाग. घडात गोडी भरायला लागली की साळुंक्या, बुलबुल, पोपट यांची धाड पडते. पाखरानं पोटभर खाल्लं तर मला राग नाही. पण ते एका घडाचे चार मणी फोडतं, पुढच्या घडावर जातं, आणि फुटलेल्या मण्यांपायी आख्खा घड नासतो. आम्ही डबे बडवले, चकाकणाऱ्या पट्ट्या बांधल्या, फटाके लावले. आठ दिवस पाखरं घाबरली, नवव्या दिवशी फटाक्याशेजारी बसून खायला लागली. शेवटी चारचौघांसारखी मीही वरून जाळी टाकली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई बागेत आली. ऐंशीच्या घरातली बाई, पाणी गाळून पिणारी, दिवस मावळायच्या आत जेवणारी. जाळीत दोन बुलबुल मानेला फास बसून मेले होते आणि तिसरा अजून फडफडत होता. तिनं घडातले मणी विरळायची कात्री उचलली आणि जाळी कापायला सुरुवात केली. मी ओरडलो, "अगं आई, नवी जाळी आहे ती!" तिनं मागं वळूनही बघितलं नाही. तिसरा बुलबुल तिच्या हातातच गेला. त्या दिवशी ती जेवली नाही, आणि जाळीचा विषय घरात कायमचा मिटला.

मग ही युक्ती सुचवली फौजीनं. फौजी म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेला माझा मित्र, सैन्यातनं हवालदार होऊन रिटायर झालेला. त्याचं मूळ गाव पाटणकडचं. कोयनेच्या पाण्याखाली जमीन गेली, तेव्हा त्याच्या आजोबांना इकडं जमीन मिळाली. तो मला आण्णा म्हणायचा. म्हणाला, "आण्णा, तुमच्या वडलांच्या नावावर ठासणीच्या बंदुकीचा परवाना हुता न्हवं? आता तुमच्या नावावर हाय. बार काढायचा. छर्रा घालायचाच न्हाई. नुसती दारू आन् चिंधी. आवाजानंच लांब पळत्यात."

वडिलांची बंदूक भिंतीवर टांगलेली होती खरी, पण तिची नळी गंजून चाळण झालेली. नवी घ्यायची तर आईला विचारणं आलं. विचारलं. तिनं दोन दिवस मागून घेतले. तिसऱ्या दिवशी देवळातून आल्यावर मला समोर बसवलं. म्हणाली, "पाप आपण करायचं, दुसऱ्याकडनं करवून घ्यायचं, नाहीतर केलेल्याला बरं म्हणायचं, ह्या तिन्हीचा दोष सारखाच. मी हो म्हटलं की त्यात मी आले."

"आई, नुसता आवाज गं. कुणाच्या रक्ताचा थेंब सांडणार नाही. तुझी शपथ."

"सांडला तर माझ्या पदरात पडेल, एवढं ध्यानात ठेव. ह्या वयात मला तो फेडायला सवड नाही."

असं म्हणून तिनं हो म्हटलं. मी इतका खूश झालो की तिनं माझ्या भरवशावर काय गहाण टाकलं ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही.

सांगलीच्या दुकानात फौजी बरोबर होता. बंदूक नवी कोरी, पण बनावट पणजोबांच्या काळातली. तोंडातनं दारू ओतायची, चिंधी घालायची, लोखंडी गजानं ठासायची. मग मागं घोड्याखालच्या बारीक नळीवर तांब्याची हरभऱ्याएवढी टोपी बसवायची. चाप ओढला की घोडा टोपीवर आपटतो, ठिणगी आत जाते आणि बार होतो. दुकानदारानं परवाना उलटापालटा करून बघितला आणि विचारलं, "रानडुकरं लय झाली का?"

"डुकरं नाहीत. साळुंक्या."

"साळुंक्यांना ठासणीची? बरं. बारीक छर्रा देतो मग."

"छर्रा नको."

त्यानं चष्मा कपाळावर चढवला. "दारू पायजे, टोप्या पायजेत, बंदूक पायजे. आन् छर्रा नको?"

"आम्ही जैन आहोत," मी म्हणालो. तो माणूस असा हसला की आतून त्याचा भाऊ बघायला आला. फौजीही हसत होता. मला राग आला, पण बंदूक हातात आली आणि राग विरघळला. दस्त्याला ताज्या पॉलिशचा वास, घोड्यावर बारीक नक्षी. खोटं कशाला बोलू, फक्त आवाजासाठी बंदूक घेणारा हा पन्नाशीचा गृहस्थ घरी येऊन दार लावून आरशासमोर ती खांद्याला लावून उभा राहिला. आधी डावीकडनं बघितलं, मग उजवीकडनं.

चालवायला शिकायला आम्ही पाटणला गेलो, फौजीच्या मामाकडे. मामांचं घर डोंगराच्या अंगाला. तिथं डुकरं भुईमूग उकरून टाकतात म्हणून मामांकडेही अशीच बंदूक. म्हातारा बोलायला कमी. त्यांनी दारू मापून ओतली, चिंधी ठासली, आणि गज नळीतनं काढून फौजीच्या हातात दिला. फौजी मोठ्यानं म्हणाला, "हाय." त्यानंतरच मामांनी टोपीची डबी उघडली.

"हे काय?" मी विचारलं.

"गज दुसऱ्याच्या हातात द्यायचा. त्यानं हाय म्हणायचं. मग टोपी. एकटा आसलास तर गज भुईवर ठेवून त्याच्यावर पाय द्यायचा. गज नळीत ऱ्हायला आन् बार झाला, तर त्यो तिरासारखा जातोय."

"मामा, आमच्यात छर्राच नाही. नुसती हवा."

"नळीला काय ठावं, तुमच्यात काय आसतंय."

मी हसलो. बार मी काढला. खांद्याला धक्का बसला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, आवाज समोरच्या डोंगराला जाऊन परत आला. लय मजा आली. परतताना कराडपर्यंत मी फौजीला तेच तेच सांगत होतो आणि तो म्हणत होता, "आण्णा, आता पुरं."

पहिला हंगाम छान गेला. सकाळी दोन-तीन आणि दिवस कलताना दोन-तीन बार काढले की बाग मोकळी व्हायची. घरी बसल्या बसल्या आई बार मोजायची. "आज तीनच झाले," असं म्हणायची आणि समाधानानं माळ ओढायची. चावडीवर लोक चेष्टा करायचे की जैनाची बंदूक नुसतीच खोकते, चावत नाही. मीही त्यांच्यात मिसळून हसायचो.

हसता हसता काय झालं, तर भीती गेली. फौजी जवळ असला की गज त्याच्या हातात द्यायचो, तो हाय म्हणायचा. तो नसला की कुठला पाय आणि कुठलं काय. गज कधी काखेत, कधी तारेला टेकवलेला. नळी कुणीकडेही. एकदा मजूर बायका डबा खायला बसल्या होत्या, त्यांच्या डोक्यावरनं बार काढला आणि त्या किंचाळल्या म्हणून खो खो हसलो. फौजी तेव्हा खरंच चिडला. "बंदूक रिकामी नसती आण्णा. कवाच नसती. आमाला पयल्या दिवशी ह्येच शिकवत्यात."

"फौजी, तुझी नोकरी सुटली, पण कवायत काही सुटेना," मी म्हणालो. तो बांध ओलांडून त्याच्या रानात निघून गेला.

दुसऱ्या हंगामातली फेब्रुवारीतली सकाळ. आठ वाजले असतील. फौजी त्याच्या रानातलं काम टाकून माझ्या मदतीला आला होता. वेलींच्या ओळीच्या पलीकडच्या टोकाला उभा राहून डबा बडवत होता, म्हणजे पाखरं माझ्याकडे यावीत. मी अलीकडच्या टोकाला. दारू ओतली, चिंधी घातली, गज आत सारला, आणि खिशातला फोन वाजला. व्यापारी होता. आदल्या दिवशी बघून गेलेला प्लॉट नको म्हणत होता, घडांना चोचा लागल्यात म्हणत होता. माझं टाळकं सरकलं. मी त्याला नको नको ते बोललो, त्याच्या बापालाही सोडलं नाही. बोलून फोन खिशात कोंबला, आणि समोर बघतो तर साळुंक्यांचा थवा द्राक्षाच्या मांडवाखाली घुसलेला. माझ्या नाकासमोर मणी फोडत होत्या. माझ्यावर हसताहेत असंच वाटलं मला.

मी टोपी बसवली. गज नळीतच होता. त्याचं हातभर टोक बाहेर आलेलं होतं आणि ते मला दिसलं नाही.

फौजी मात्र दिसत होता. हेच तर मला सांगायचं आहे. तो ओळीच्या टोकाला समोर उभा आहे हे मला लख्ख दिसत होतं, आणि तरी मी नळी मांडवाखालून सरळ ओळीत धरली. कारण माझ्या बंदुकीत काही नसतं. त्यानं उजवा हात वर केला. त्याला गज दिसला होता, तो थांब म्हणत होता. मला वाटलं, हाण म्हणतोय.

धक्का इतका बसला की मी मागं पडलो. धूर विरायला वेळ लागला. पाखरं उडाली होती, डब्याचा आवाज थांबला होता. मी पळत गेलो. फौजी भुईवर बसला होता आणि डाव्या हातानं उजवा हात धरून त्याच्याकडे बघत होता. गज तळव्यातनं आरपार जाऊन मागच्या बांधात रुतला होता. वीतभर आत लागला असता, तर छातीतच गेला असता. रक्त मांडीवर, मातीत, गळून पडलेल्या पानांवर. तो ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "आण्णा, गज."

डोक्याचा टॉवेल करकचून बांधून त्याला गाडीत घातलं आणि मिरजेला निघालो.  वाटेत तोच म्हणाला, "आईला कळू देऊ नगा. म्हातारी अन्न सोडंल. मी ट्रॅक्टरवरनं घसरून मांडवाच्या लोखंडी अँगलवर पडलो म्हनून सांगायचं. डाक्टरला बी."

मी हो म्हटलं. इतकं पटकन म्हटलं की आज आठवलं तरी मान खाली जाते. डॉक्टरांनी जखम बघून माझ्याकडे बघितलं. फौजीच म्हणाला, पाय घसरला साहेब. मी मान हलवली.

घरी आल्यावर आईनं विचारलं, मी तेच सांगितलं. "आपल्या अँगलवर?" ती म्हणाली. "अरे देवा." माझ्या सदऱ्यावरचं रक्त तिनं स्वतः धुतलं. मी दारात उभा राहून बघत होतो. बंदुकीचा घोडा बिघडलाय असं तिला सांगितलं. पुढं निवडणूक आली तेव्हा परवान्याच्या सगळ्या बंदुकांबरोबर माझीही पोलीस ठाण्यात जमा झाली, ती मी परत आणायला गेलोच नाही.

हाताची दोन ऑपरेशनं झाली. जीव वाचला, हात वाचला, पण दोन बोटं मिटत नाहीत आणि अंगठा आत वळत नाही. फौजीला एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी लागत होती, कागदपत्रं झाली होती, रुजू व्हायचंच बाकी होतं. उजव्या हातानं चाप न ओढता येणारा पहारेकरी कोण ठेवून घेणार? ती गेली. मी त्याच्या रानात माझा ट्रॅक्टर घातला, औषधं फवारून दिली, ऊस वेळेत तोडून नेला. दवाखान्याला मीच न्यायचो, मीच आणायचो. जाता-येता आम्ही पावसाबद्दल बोलायचो, खताबद्दल बोलायचो. त्याची बायको मात्र माझ्याशी एक शब्द बोलत नव्हती. मी ओट्यावर दिसलो की आत निघून जायची. मला तिचा रागही यायचा. मनात म्हणायचो, एवढं करतोय मी, अजून काय करू?

आणि आईसमोर रोज जेवायला बसायचो. तिला कळलं तर ती उपास धरेल, एकावर एक धरेल, आणि त्यातच जाईल, ही भीती खरी होती. पण त्या भीतीच्या आड मी किती आरामात बसलो होतो, हेही खरं होतं. आईला वाचवतोय म्हटलं की मला कुणाला काही बोलावंच लागत नव्हतं.

सप्टेंबरात आमचं दहा दिवसांचं पर्व झालं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी एकमेकांची क्षमा मागायची, वर्षभरात कळत-नकळत कुणाला दुखावलं असेल त्याबद्दल. आई ती केवळ आमच्यातच मागून थांबत नाही. शेजारीपाजारी, मजूर बायका, दूधवाला, सगळ्यांच्या दारात जाते. त्या वर्षी म्हणाली, "आधी फौजीकडे. आपल्या रानात पडला बिचारा."

"चिखल आहे आई, उद्या जाऊ."

"उद्या क्षमावाणी नसते."

"मीच त्याला इकडं बोलावतो मग."

"मागायला जायचं असतं रे, बोलवायचं नसतं." तिनं छत्री घेतली आणि चालायला लागली. मी मागनं.

दुपारचे चार वाजले असतील. फौजी ओट्यावर बसला होता, बायको शेंगा निवडत होती. आईला बघून दोघं उठले. आईनं छत्री मिटली, पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. "बाळा, वर्षभरात माझ्याकडनं, माझ्या घराकडनं तुझं मन दुखावलं असेल, देह दुखावला असेल, तर क्षमा कर."

फौजीनं उलट नमस्कारासाठी दोन्ही हात उचलले. ते जुळेनात. डावा तळवा सपाट, उजव्याची बोटं अर्धवट वाकलेली, ताठ. त्यानं एकदा जुळवायचा प्रयत्न केला, मग हात खाली सोडले.

"आई, तुमी नका मागू."

"का रं?"

"ज्यानं मागायची त्यो तुमच्या मागं हुबा हाय. सात म्हैनं झालं, मी वाट बघतोय."

मला आधी आला तो राग. खरं सांगतो, राग आला. मी ओरडलो, "अरे, तूच म्हणालास ना, आईला सांगू नको म्हणून!"

"व्हय. आईला सांगू नगा म्हनलं. मला बी सांगू नगा, आसं म्हनलं व्हतं का?"

 त्याची बायको पदर तोंडात धरून रडायला लागली. आई एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी तिथंच पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. फोन, व्यापारी, साळुंक्या, नळीतला गज. तो समोर दिसत होता आणि तरी मी चाप ओढला, हेही सांगितलं. सांगताना मी कुणाकडेच बघत नव्हतो. सांगून झालं. मी मनात हिशेब करत होतो, आता ती काय म्हणेल. माझ्या शपथेचं म्हणेल, पदरातल्या दोषाचं म्हणेल, आजपासून अन्न वर्ज्य म्हणेल. मी तिला काय उत्तर द्यायचं तेही जुळवत होतो.

ती माझ्याशी बोललीच नाही. ती ओटा चढून गेली, फौजीचा उजवा हात तिनं आपल्या दोन्ही हातांत घेतला, तळव्यावरच्या वणावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "दुखतं का रं बाळा, अजून?"

सात महिन्यांत मी त्याला बोटं हलतात का विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले विचारलं होतं, गोळ्या आहेत का विचारलं होतं. हे नव्हतं विचारलं.

"व्हय आई," फौजी म्हणाला. "लय दुखतंय." आणि तो एवढा दांडगा गडी, सीमेवर बर्फात उभा राहिलेला, ओट्यावर मटकन बसून लहान पोरासारखा रडायला लागला. आई त्याच्या शेजारी टेकली. त्याची बायकोही येऊन बसली. तिघं त्या हाताकडे बघत होती.

मी पायरीवरनं उठलो आणि हात जोडून उभा राहिलो. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.